दीर्घायुष्य आणि आवरलेली प्रतिकारशक्ती

कोरोनाच्या साथीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला घरोघरी पोचला आहे. प्रत्यारोपणासाठी रक्ताची जुळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करताना माझे मत मात्र वेगळे होत गेले. दीर्घायुष्य देणारी प्रतिकारशक्ती केवळ जोरकस नसते, तिला वेळेवर शांतही होता येते.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाआधी आमच्याकडे रुग्णाचे आणि दात्याचे रक्त येते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅच झालं का?’ आम्ही तपासतो ते सहाव्या गुणसूत्रावरचे एचएलए जनुक. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने पेशीच्या आतले तुकडे तिच्या पृष्ठभागावर आणून दाखवतात आणि त्यावरून पांढऱ्या पेशी आपले-परके ओळखतात. या जनुकांचे हजारो प्रकार आहेत. सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणीची शक्यता साधारण चारात एक असते. नातेवाइकांना निराश करणारी हीच विविधता समाजाला तारते. नवी साथ आली, तरी तिला चटकन ओळखणारे कोणी ना कोणी असतेच.

या संरक्षणाची किंमतही आमच्याच टेबलावर दिसते. सकाळी पाठ आखडते म्हणून तरुण मुले ‘एचएलए-बी२७’ची तपासणी करायला येतात. हा प्रकार असलेल्या माणसात एचआयव्हीचा आजार सहसा हळू वाढतो. पण मणके जखडणाऱ्या संधिवाताचा धोका याच प्रकारामुळे वाढतो. तो असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, तरी एकच जनुक एका दाराने राखण करतो आणि दुसऱ्या दाराने घात करू शकतो, हे विसरता येत नाही.

तारुण्यात उपयोगी पडणारा गुण म्हातारपणी महागात पडू शकतो, हा विचार उत्क्रांतीचे अभ्यासक जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली मांडला. जंतूंवर तुटून पडणारा दाह हे त्याचे ठळक उदाहरण. वय वाढते तसा हा दाह जंतू नसतानाही शरीरात मंद आचेवर धुमसत राहतो. इटलीचे संशोधक क्लॉडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली वार्धक्याशी असलेला त्याचा संबंध ठामपणे पुढे आणला. हृदयविकार, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा अनेक आजारांत त्याचा हात असतो. जपानमध्ये शंभरी ओलांडलेल्यांचा मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा कमी, ते अधिक जगले आणि त्यांची बुद्धी व हिंडण्याफिरण्याची ताकदही जास्त टिकली.

आवर म्हणजे दुबळेपणा मात्र नव्हे. जपानमधल्याच २०१९च्या अभ्यासात ११० वर्षे ओलांडलेल्या ७ जणांच्या रक्तात एरवी विरळ असणाऱ्या, रोगट पेशी मारू शकणाऱ्या सहायक टी-पेशी विपुल आढळल्या. शस्त्र धारदार असावे आणि ते म्यानात परत जावे, दोन्ही लागते.

हे सारे जनुकांवर सोडून हात जोडून बसायचे का? डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या १९९६च्या अभ्यासात आयुष्यमानातल्या फरकाचा जेमतेम पाव हिस्सा आनुवंशिक निघाला. बाकीचा मोठा भाग राहणीमानाचा, उपचारांचा आणि योगायोगाचा आहे. त्यातले जे आपल्या हाती आहे, ते साधे आहे. तंबाखू सोडणे, रक्तातली साखर ताब्यात ठेवणे, सुजलेल्या हिरड्यांवर उपचार करून घेणे, रोज चालणे: यांतली प्रत्येक गोष्ट दाह कमी करायला हातभार लावते. घरात वृद्ध माणसे असतील, तर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ पुडी आणण्याआधी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते, आणि ओळख पटलेली असली की लढाई लवकर आटोपते.