झोपडीचा बिल्ला

वेंगुर्ल्यातल्या एखाद्या जुन्या घरी, फडताळाच्या खणात, पत्र्याचा एक बिल्ला सापडला असे समजा. घाई नको. तळहातावर घ्या. नाव नाही, साल नाही. नुसती एक झोपडी, कडेला रंग उडालेली. उलटा करून बघा. टाचणीला गंज चढला आहे आणि तिच्या आकड्यात सुताचा एक धागा अडकून राहिला आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा फार टिकत नाही. हा टिकला, कारण तो कोणीतरी जपला.

आता सावकाश झोपडीकडे या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाची खूण होती, समाजवादी पक्षाची खूण झाड. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे. पेटीवरचे चित्र ओळखले की झाले, अक्षर यायलाच हवे असे नाही. 1952 मध्येच हे दोन पक्ष एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष झोपडीत राहायला आला.

आणि वेंगुर्ल्यात झोपडी म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. 1922 साली इथेच जन्मलेले नाथ 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. समोर काँग्रेसची बैलजोडी. 18 जानेवारी 1971 रोजी ते बेळगावात वारले. त्यानंतर दोनच महिन्यांत मधु दंडवते त्याच पक्षातर्फे इथून निवडून आले. पुढे त्याच वर्षी तो पक्ष विलीन झाला, आणि 1977 मध्ये दंडवत्यांच्या प्रचारात झोपडीऐवजी नांगरधारी शेतकऱ्याची खूण आली. म्हणजे आपला बिल्ला बहुधा 1957 ते 1971 मधला.

चिन्ह इथवर आणून सोडते. प्रचारपत्रकावर मुद्रकाचे नाव तरी असते, हा मुका. तो धागा पुन्हा बघा. सदऱ्याचा असेल, लुगड्याच्या पदराचाही असेल. कोणी लावला, कोणत्या सभेला, किती चालून? माझ्या मते बिल्ल्याचे खरे मूळ तिथे आहे, पक्षाच्या कचेरीत नाही. निवडणूक संपल्यावर जो फेकून द्यायचा, तो ज्या माणसाने ठेवून दिला, त्याने तेव्हा मतापेक्षा जास्त काही दिले होते.

त्या सभा ऐकलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. तुमच्या घरी असा बिल्ला असेल तर चिंच लावून घासू नका, गंजही राहू द्या. आजच विचारा, "आजये, ह्यो बिल्लो कोणाचो?" आणि ती सांगेल ते नाव, गाव, साल कागदावर लिहून बिल्ल्याबरोबर ठेवा.