हक्क कीं उपकार?

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पहाटे जो उभा राहील, त्याला श्रम म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागणार नाहीं. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या भरतात आणि कोळीण बाजाराची वाट धरते. तिला रविवार नाहीं, रजा नाहीं. कारण तिला पगार देणारा धनी नाहीं. मग तिच्या हिताची जबाबदारी कोणाची?

सज्जनांच्या दयेवर ती सोपवावी, असें कित्येकांस वाटतें. परंतु श्रीमंतांनीं गरिबांचें पालकत्व घ्यावें, या मताचा मिल्लनें १८४८ सालींच समाचार घेतला होता. आणि मुंबईच्या गिरण्यांचा इतिहासहि त्याच बाजूनें साक्ष देतो. १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढें ठेवला. आठवड्याची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, वेळेवर पगार आणि जायबंदी झालेल्यास भरपाई, असें मागणें होतें. तें रास्त आहे हें कोणास कळत नव्हतें असें नाहीं. तरी एप्रिल १८९० मध्यें महालक्ष्मीस दहा हजार कामगार जमले, तेव्हां कोठें १० जून रोजीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. दया मनांत उपजते व मनांतच विरते. संघटित मागणीनें मिळविलेलें मात्र परत घेणें कठीण जातें.

संघटना आपल्यापुरतेंच पाहते, हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. गिरणीच्या फाटकापाशीं तिचा लाभ पुष्कळदां थांबला. पण पाठीवर पोतीं वाहणाऱ्या माथाडींनाहि एक धनी नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालीं ते एकत्र आले, आणि १९६९ च्या कायद्यानें त्यांच्यासाठीं मंडळें उभीं राहिलीं. मालकानें मजुरी व तिच्यावरील ठराविक आकार मंडळांत भरावा आणि त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधपाणी यांची तरतूद व्हावी, अशी ती योजना. धनी अनेक म्हणून जबाबदारी कोणाचीच नाहीं, हा युक्तिवाद तेथें खोटा ठरला.

कोळणीचा प्रश्न याहून बिकट आहे. कारण तिचे धनी म्हणजे तिची मासळी खाणारे आपण सारे. वर्गांत न्यायाची चर्चा करून परततांना दहा रुपयांसाठीं मीं तिच्याशीं घासाघीस केलेली आहे. तिच्या विश्रांतीचा कांहीं भार माझ्या भाकरीवर पडला, तर तो उपकार नव्हे. तें आजवर थकलेलें देणें आहे. मात्र तें मागण्यास ती एकटी पुरी पडणार नाहीं.