केंद्रच उठून गेलं तेव्हा

‘सरदार पटेल नसते, तर आपलाही रशिया झाला असता,’ असं राजपुरीच्या धक्क्यावर कुणीतरी म्हणालं. समोर जंजिरा उभा होता, म्हणून ते जास्तच बोचलं. 1991 साली मॉस्कोची सत्ता गेली आणि पंधरा देश झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 1947 साली इंग्रजांचं मांडलिकत्व संपलं तेव्हा कायद्यानं जंजिरा संस्थानही मोकळं झालं होतं, याची आठवण मात्र आमच्या किनाऱ्यावरही पुसट झाली आहे.

पण मोकळं होणं वेगळं आणि राष्ट्र म्हणून उभं राहणं वेगळं. जंजिऱ्याच्या नवाबाकडे, म्हणजे सिद्दीकडे, राज्याचा सगळा सरंजाम होता. मुरूडची राजधानी, म्हसळा-श्रीवर्धनचा मुलूख, अकरा तोफांची सलामी, शिवाजी आणि संभाजी महाराजांनाही दाद न दिलेला किल्ला. पार काठियावाडातलं जाफराबादही त्याचंच. नव्हती ती रयतेची साथ. श्रीवर्धनच्या बागाईतदाराची सुपारी मुंबईला जायची, सोयरीक कुलाबा जिल्ह्यात व्हायची. महाड तालुक्यातल्या नाते गावच्या मोहन धारियांनी नवाबाविरुद्ध तरुणांची लोकसेना उभारली, आणि 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पटेलांचं कर्तृत्व मोठंच आहे. पण सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकलं, की ही माणसं चित्रातून गळतात, आणि ते मला सहन होत नाही.

म्हणजे लोकांची इच्छाच राष्ट्र घडवते? तसं म्हणावं, तर मध्य आशिया आडवा येतो. मार्च 1991 च्या सार्वमतात तिथल्या पाचही प्रजासत्ताकांत नव्वद टक्क्यांहून अधिक मतं सोव्हिएत संघ टिकवावा म्हणून पडली. वर्ष सरायच्या आत ते पाच स्वतंत्र देश होते! लिथुआनिया झुंजून सुटला, रणगाड्यांसमोर माणसं मेली. चेचेन लोकांनाही सुटायचं होतं, पण त्यांचा प्रदेश रशियाच्या पोटात होता. त्यांच्या वाट्याला युद्ध आलं.

8 डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचं जाहीर केलं. 12 तारखेला रशियाच्या संसदेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. कझाकस्ताननं स्वातंत्र्य घोषित केलं ते 16 तारखेला, सगळ्यांत शेवटी. तो फुटला तरी कुणापासून? सोडून जायला घरच उरलं नव्हतं.

आपल्याकडे इंग्रज गेले, पण दिल्ली जागेवर राहिली. फौज, रेल्वे, टपाल, सचिवालय, सगळं चालू. पटेलांच्या पायाखाली ती जमीन होती. अध्यक्ष येल्त्सिन यांच्या रशियानं सोव्हिएत संघाच्या पायाखालची ती स्वतःच काढून घेतली, कारण ‘आपण बाकीच्यांना फुकट पोसतो’ ही भावना तिथं मुरली होती. आज महाराष्ट्रातल्या सभांत ‘आपला कर बाहेर जातो’ या वाक्याला टाळ्या पडतात, तेव्हा मला कुठल्याही जंजिऱ्यापेक्षा त्या टाळ्यांची धास्ती वाटते.