मैदान सुटलेला खेळाडू

भातकापणी आणि झोडणी उरकली की आमच्या गास गावापासून निर्मळ, भुईगाव, नंदाखालपर्यंत मैदाने जागी होतात. टेनिस चेंडूचे क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल, रात्री दिव्यांच्या उजेडात रंगणारे अंतिम सामने. याच दिवसांत आपण गावाच्या पोराला खांद्यावर घेऊन नाचतो आणि याच दिवसांत एखाद्या पोराचा गुडघा कायमचा जातो. खांद्यावरच्या पोराचे फोटो घरोघरी आहेत. गुडघा गेलेल्या पोराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मला त्याच्याबद्दलच लिहायचे आहे.

कबड्डीत गुडघा कसा जातो ते जवळून पाहा. चढाईपटू बोनस घेऊन वळतो. पाय जमिनीत रोवलेला, मांडी फिरलेली, आणि तेवढ्यात कोपरारक्षक घोटा धरतो. गुडघ्याच्या आतले लिगामेंट तुटते. खेळणाऱ्याला आतून ‘टक्’ असे जाणवते. मग गुडघ्यावर कोल्ड स्प्रे मारतात, पट्टी आवळतात आणि कडेला उभे असलेले आपण ओरडतो, ‘भाऊ, एकच रेड मार, मॅच आपलीच आहे!’ तो उठतो, कारण हाक घरच्या माणसांची असते. त्या एका चढाईत गुडघ्यातली गादीही फाटू शकते. पुढे शस्त्रक्रिया, नवे लिगामेंट, निदान नऊ महिन्यांचा व्यायाम. बऱ्याच घरांना हा खर्च आणि एवढी रजा दोन्ही परवडत नाहीत. मग पोरगा तसाच खेळतो आणि ऐन तिशीत जिना चढताना कठडा धरू लागतो. औताचा बैल लंगडला तर शेतकरी त्याला त्या दिवशी जुंपत नाही. एवढी माया आपण आपल्या खेळाडूवर का करू नये?

हे दुर्लक्ष आजचे नाही. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतल्यावर कराड स्टेशनवरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते प्रेम खोटे नव्हते. पण पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि त्यांची स्पर्धेतली कुस्ती संपली. पोलीस खात्यात त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली, पुढे पेन्शनसाठी झगडावे लागले, आणि 1984 साली रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. चांगली गोष्ट आहे. पण मिरवणुकीतल्या गाड्या हाकणाऱ्यांचे आपण वारस असू, तर गुडघा गेल्यानंतरच्या वर्षांचाही हिशेब आपल्याकडेच येतो.

सलील अंकोला सोलापूरचे. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीला त्यांनी आणि सचिन तेंडुलकरांनी एकाच कसोटीत पदार्पण केले. पुढे नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि 1997 मध्ये, तिशीच्या आतच, या वेगवान गोलंदाजाला क्रिकेट सोडावे लागले. त्यात त्यांची कसली कुचराई होती? तरीही दुखापतीने थांबलेल्या माणसाबद्दल आपण किती सहज म्हणतो, ‘त्याच्यात दम नव्हता.’ हे वाक्य गावाच्या कट्ट्यावरून कायमचे हद्दपार झाले पाहिजे.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये सँडी कोफॅक्स नावाचा डावखुरा पिचर होऊन गेला. 1966 मध्ये त्याने मोसमात 27 सामने जिंकले आणि त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, खेळ सोडला. डाव्या कोपराला संधिवात जडला होता. इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन आणखी काही वर्षे रेटता आली असती, पण बेसबॉलनंतर जगायची वर्षे बरीच आहेत आणि ती धडधाकट हाताने जगायची आहेत, असा त्याचा विचार होता. त्याला कुणी पळपुटा ठरवले नाही. थांबण्याचा निर्णय हाही खेळाडूच्या शहाणपणाचा भाग असतो, हे आपल्या चाहत्यांनी शिकण्यासारखे आहे.

आता व्यवस्थेचे पाहू. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते पदकावर मिळते. राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर गुडघा गेलेल्याच्या हाती प्रमाणपत्र नसते, त्यामुळे तिथे त्याचा विचारच होत नाही. दहीहंडीच्या गोविंदांना शासनाने विमा दिला, कारण लोकांनी तो लावून धरला. गावोगावच्या कबड्डीपटूंसाठी आपण कधी असे लावून धरले? आमदारांना उद्‌घाटनाला बोलावतो, त्याच व्यासपीठावर ही मागणी का होऊ नये?

पण सगळे शासनावर टाकून मंडळांना सुटता येणार नाही. पुरुषभर उंचीची ट्रॉफी, डीजे, बॅनर यांवर पैसा निघतो. त्यातलाच थोडा वैद्यकीय निधीसाठी ठेवा. प्रवेश फीमध्ये विम्याचा हप्ता धरा. मैदानावर फिजिओथेरपिस्ट बसवा आणि दुखापत झालेल्याने पुन्हा उतरायचे की नाही, याबाबत शब्द फिजिओथेरपिस्टचाच चालवा. कर्णधाराचा नव्हे, प्रायोजकाचा नव्हे, आपला तर मुळीच नव्हे. गावच्या मुलींचे संघ असतील, तर तोच निधी त्यांनाही तितकाच लागू करा. त्यांची दुखापत घरात लपवली जाते, कारण ‘खेळ बंद’ हाच औषधोपचार ठरतो.

आणि ज्याचा खेळ खरोखर संपला आहे त्याच्याकडे जा. सत्काराची शाल पुरे झाली, त्याला काम द्या. कबड्डीची नाडी त्याला कळते. पंच परीक्षेची फी मंडळाने भरावी, शाळेच्या संघाचे प्रशिक्षण त्याच्याकडे सोपवावे, त्याबद्दल मानधन द्यावे. येत्या मोसमाच्या बैठकीत ट्रॉफीच्या उंचीआधी हा विषय घ्या, आणि त्या बैठकीला त्याला बोलावून घ्या.