शस्त्रक्रियेनंतरचा नेम

जठर लहान करून घेतले, वजन उतरले, साखर ताळ्यावर आली; मग आता पथ्य कशाला, हा प्रश्न गंजाडच्या माळकऱ्यालाही आज ना उद्या पडेल. आम्ही म्हणतो, माळ घातली की नेम संपत नाही, तेथून तो लागतो, शस्त्रक्रियेचेही तसेच. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईस ती करून घेतली. २०१८ साली राहुरीस साखर उतरून त्यांना भोवळ आली. दोहोंचा संबंध आम्ही जोडीत नाही. साखरेवरची नजर हटवू नये, इतकेच.

पुष्कळांचा मधुमेह या उपायाने मागे हटतो, पण काहींचा वर्षांनी परततो. गोड एकदम खाल्ले तर ते झपाट्याने आतड्यात उतरते; घाम सुटतो, छाती धडधडते, मागाहून साखर पडते. म्हणून एकादशीस भरपेट साबुदाणा नको, अन् गोळी घेऊन कडकडीत उपासही नको.

मग व्रत मोडले काय? आमच्या मते नाही. उपवास म्हणजे देवाजवळ राहणे. वैद्याला विचारून नागलीच्या भाकरीचा चतकोर खाणारा आणि नाम घेणारा देवाजवळच आहे. हट्टाने चक्कर येऊन पडणारा मात्र साऱ्या दिंडीला थांबवतो. देह ही विठोबाची ठेव. ती सांभाळणे हाही नेमच, बाबांनो.