पाण्याची वाट

परतूर तालुक्यात दुधनेकाठच्या एका गावाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठायची. पाणाड्यानं दाखवलेल्या जागी घेतलेले दोन बोअर कोरडे गेले, तेव्हा सरपंचबाईंनी भूजलशास्त्र शिकलेल्या एका तरुणाला बोलावलं.

त्यानं एका रेषेत चार खुंट्या ठोकल्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या लांब नेल्या की वीज अधिक खोल उतरते. कठीण काळा पाषाण तिला अडवतो. तिथं रोधकता १०० ओहम-मीटरच्या वरही जाते. झिजलेल्या, भेगाळ, ओल्या खडकात ती बरीच उतरते आणि चिकणमातीत १०च्या खालीही येते.

संध्याकाळी त्यानं दोन जागा सांगितल्या. "उकिरड्याजवळ भेगाळ खडकाचा थर जाड आहे, पाणी भरपूर लागेल असं दिसतं. पण वर माती जेमतेम, खाली लगेच मुरूम. पांदीपलीकडं पाणी बेताचं, पण वर चिकणमातीचा जाड थर आहे."

"बाहत्तरच्या दुष्काळात मिळेल ते पाणी प्यालो," एक म्हातारबाबा म्हणाले. "जिथं जास्त, तिथंच बोअर घ्या."

सरपंचबाईंनी विचारलं, "साहेब, उकिरड्याजवळ पाऊस खाली कसा जातो?"

"मुरमातून, भेगांतून."

"आणि उकिरड्याचा पाझर?"

"त्याच वाटेनं, ताई. त्यातलं नायट्रेट पाणी उकळूनही जात नाही, तान्ह्या बाळांना ते घातक. चिकणमातीतून मात्र पाणी फार सावकाश झिरपतं, म्हणून घाण सहसा खाली पोचत नाही."

म्हातारबाबांची पणती नुकतीच रांगायला लागली होती. तेच म्हणाले, "मग पांदीपलीकडं घ्या."

तिथं बेताचं पाणी लागलं. नमुना तपासून ग्रामसभेनं ते फक्त पिण्यासाठी राखलं. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हलवला. मोकळी झालेली जागा खरवडून साफ केली आणि तिथं पाऊस मुरवायला चर खोदले. दोन पावसाळ्यांनंतर गावची विहीर एप्रिलपर्यंत पुरू लागली.

तात्पर्य : जमीन ज्या वाटेनं पाणी आत घेते, त्याच वाटेनं घाणही घेते. म्हणून पाणी शोधणाऱ्यानं आधी त्याची वाट राखावी.