झाकणे आणि लपविणे

डोक्यावरचे छप्पर गळू लागेपर्यंत मनुष्य मान वर करून त्याकडे पाहत नाही. आमच्या डोक्यावर जे उतरले ते घराचे छप्पर नव्हते, मोटारीचे होते. तेही प्रत्यक्ष छप्पर नव्हे, त्याचे अस्तर. पण त्या चार हात कापडाने आम्हांस जो प्रश्न घातला, तो पदवी परीक्षेसाठी नीतिशास्त्राचा अभ्यास करूनही आम्हांस पूर्वी पडला नव्हता. म्हणून ही हकीगत.

मोटार आमच्या वडिलांची. 2005 साली त्यांनी ती सोलापुरात घेतली. ते गणिताचे शिक्षक. मोटार ही त्यांच्या आयुष्यातील एकमेव चैन. त्यांच्या पश्चात ती यशवंतपुरास आमच्या दारी आली. ना-हरकत प्रमाणपत्र, कर, नव्याने नोंदणी हे सोपस्कार आम्ही कारकुनी चिकाटीने पार पाडले, आणि मग ती दारातच उभी राहिली. मेट्रो हाकेच्या अंतरावर असता कचेरीस मोटार नेणे आमच्या वेतनश्रेणीस परवडणारे नव्हते. उन्हातान्हात उभ्या असलेल्या त्या गाडीचे अस्तर मागच्या बाजूने सुटत गेले आणि मांडवाच्या चांदव्यासारखा झोळ पडून मागे बसणाऱ्याच्या डोक्यास लागू लागले. आमच्या कन्येस तो तंबू वाटे. आम्हांस तो खर्च वाटे. अखेर मोटार विकावयाचे ठरले.

गिऱ्हाईकही घरबसल्या मिळाले. येथील बाजार समितीच्या आवारात एका अडत्याच्या पेढीवर हिशेब लिहिणारे गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. आमच्याच जातीचे, म्हणजे कारकून. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, अस्तराला बोट लावले आणि म्हणाले, ‘‘एवढे नीट करून द्या, सार. बाकी काय पाहायचे? तुम्ही सरकारी माणूस.’’ आणि विसाराचे पाच हजार रुपये आमच्या हाती ठेवले.

अस्तर नीट करणे म्हणजे सुटलेले कापड पुन्हा चिकटविणे, अशी आमची समजूत होती. तुमकूर रस्त्यालगतच्या एका बोळात मोटारींच्या बैठका शिवणारे एक वृद्ध मेस्त्री आहेत, त्यांनी ती दूर केली. पूर्वीच्या अँबॅसडर-फियाट गाड्यांत अस्तर लोखंडी सळ्यांवर ताणून बसवीत. ते फाटे, पण असे लोंबत नसे. पुढील गाड्यांत साच्यातून काढलेला एक पुठ्ठा छताखाली बसवितात आणि त्यावर कापड चिकटवितात. कापडाच्या पाठीला स्पंजाचा पातळ थर असतो. 1937 साली जर्मनीत ओट्टो बायर यांनी शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या कुळातला हा स्पंज उष्णतेने आणि दमटपणाने कालांतराने विरतो, त्याचा भुगा होतो. कापड धड असते, पुठ्ठा धड असतो; दोहोंस जोडणारे मधले काही उरलेले नसते. त्या भुग्यावर कितीही गोंद ओता, तो भुग्यालाच धरतो. टाचण्या लावल्या तर टाचण्यांपुरते कापड वर राहते. म्हणून सगळा पुठ्ठा उतरवावा, जुने कापड सोलावे, चिकटून राहिलेला भुगा ब्रशाने घासून पुठ्ठा स्वच्छ करावा, मग उष्णता सोसणारा गोंद लावून स्पंज लावलेले नवे कापड मध्यापासून कडांकडे तळहाताने बसवीत न्यावे, आणि रात्रभर वाळू द्यावे. जोडायचे असेल तर आधी खरवडावे लागते, हा मेस्त्रींचा सिद्धांत आम्ही मनात टिपून ठेवला.

रविवारी सकाळी मेस्त्रींनी दिवा, मुठी, उन्हाच्या झडपा काढल्या आणि पुठ्ठा न मोडता अलगद मागच्या दाराने बाहेर घेतला. उघड्या पत्र्याकडे आम्ही प्रथमच पाहिले. मागच्या सांध्यापाशी वीतभर जागेत गंज चढला होता, आणि त्याच्या मधोमध लांबीचा एक ओबडधोबड लिंपण होता. लांबी ओली असता तिला वर्तमानपत्राचा एक कपटा चिकटला होता. त्यावर तारीख वाचता येत होती : जून 2010. मेस्त्रींनी पेचकसाने टोचले. पत्रा पापडासारखा मोडला. ‘‘नवा कपडा चढाए तो किसकू दिखता, साब?’’ ते म्हणाले. त्यांत दुष्टपणा नव्हता. गिऱ्हाइकाला काय हवे असते, याचा तो चाळीस वर्षांचा अनुभव होता.

आता प्रश्न असा : सकाळपर्यंत जी निव्वळ दुरुस्ती होती, ती दुपारी फसवणूक कशी झाली? कापड तेच, गोंद तोच, कारागीरही तोच. बदलले ते एकच; आम्हांस आता ठाऊक होते.

हा प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलास उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्या एका गृहस्थाचे उदाहरण आहे. घराचे लाकूड पोकळ आहे, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकावाचून कोणासही माहीत नाही. डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, त्याने घ्या म्हणून बळजबरी केली नाही. न सांगणे वेगळे आणि लपविणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहून हे वाईट आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूचा : मौन म्हणजे लपविणे नव्हे हे खरे, पण जे कळणे दुसऱ्याच्या हिताचे आहे ते आपल्या लाभासाठी त्यास कळू न देणे, हे लपविणेच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही झाकलेला माल विकू नये असे सांगितले आहे. आणि कचेरीतल्या माणसास स्मृतीपेक्षा कलमे जवळची; 1872 च्या करार कायद्याचे सतरावे कलम नुसत्या मौनास सहसा कपट म्हणत नाही, परंतु जाणून असता एखादी गोष्ट कृतीने झाकणे यास मात्र कपट म्हणते. अस्तर लोंबते ठेवून आम्ही गप्प बसलो असतो, तर कदाचित डायोजिनिसच्या पंक्तीस बसलो असतो. नवे कापड चढवून गप्प बसणे ही त्याचीही पंगत नव्हती.

पण मग झाकणे सरसकट वाईट का? तसे म्हटले तर अंगावरचे वस्त्रही असत्य ठरेल. आम्ही ज्या सरकारचे मीठ खातो त्याने माहितीचा अधिकार 2005 सालीच दिला, पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात काय उघड करू नये हेही लिहिले. घरातील ओढग्रस्त, आजार, मनातील राग हे माणसे झाकतात, आणि त्या झाकण्याला आपण मर्यादा म्हणतो. अस्तर हे त्या मर्यादेचेच रूप आहे. पत्रा उघडा दिसू नये एवढाच त्याचा हेतू. तेव्हा भेद झाकणाच्या कापडात नाही. ते कोणाच्या डोळ्यांवर पडते आणि त्याची किंमत कोण देतो, यात आहे.

हे आम्हांस शिकविले ते त्या लिंपणाने. जून 2010 हा आमच्या महाविद्यालयातील प्रवेशाचा महिना. त्या पावसाळ्यात मोटार गळत होती, आईच्या खांद्यावर पाणी पडे. मग वडील एका सायंकाळी येऊन म्हणाले, ‘‘गॅरेजात देऊन पक्के काम करून आणले.’’ पक्के काम म्हणजे हे. स्वतः अस्तर मागून सोडवून, चार बोटे लांबी भरून, साध्या गोंदाने त्यांनी ते परत चिकटविले होते. म्हणूनच ते तेथून प्रथम सुटले. गॅरेजाचे पैसे कोठे गेले, हे आमच्या पदवीच्या कागदावर लिहिलेले नाही, पण आम्हांस वाचता येते. वडिलांनी झाकले, आणि त्याची किंमत स्वतः भरली. आम्ही झाकणार होतो, ते दुसऱ्याच्या पैशाने.

सोमवारी संध्याकाळी हिशेबनीस गृहस्थांस आम्ही मेस्त्रींकडे नेले आणि पत्रा दाखविला. असे केल्यावर मनास प्रसन्नता लाभते म्हणतात. आम्हांस लाभली नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बारा हजार रुपये कमी केले, पत्रा कापून नवा जोडण्याचा खर्च म्हणून. आम्हांस दहा पुरेसे वाटत होते. दोन हजारांसाठी आम्ही घासाघीस केली, हेही येथे झाकून ठेवीत नाही. जाता जाता त्यांनी गाडीचा तळ, दारे, इंजिन, सारे पुन्हा कसून तपासले. सरकारी माणसावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, की प्रथमच डोळस झाला होता, हे आम्हांस ठरविता आले नाही.

आता एवढेच उरले. आई आमच्याजवळच असते. गाडी गेली त्या रात्री ती म्हणाली, ‘‘तुझे वडील खोटे म्हणून बोलले नाहीत कधी.’’ आमच्या खिशात तो जून 2010 चा कपटा होता. जे कळणे तिच्या हिताचे, ते आम्ही दडवीत होतो काय? की कळले असते तर तिला ते अधिकच आवडले असते? सिसेरोची कसोटी आम्ही लावून पाहिली. ती गिऱ्हाइकापाशी जितकी स्वच्छ चालली तितकी आईपाशी चालली नाही.

आम्ही ‘‘हो’’ म्हणालो, आणि कपटा वडिलांच्या गणिताच्या वहीत ठेवून दिला.